रुग्णालयांतील आदिवासी चित्रकला

रुग्णालयांतील आदिवासी चित्रकला म्हणजे रुग्णालयाच्या भिंती, प्रतीक्षागृहे, बालरुग्ण कक्ष, प्रसूती विभाग, प्रांगण इत्यादी जागांसाठी आदिवासी चित्रकारांकडून मुद्दाम करवून घेतलेली चित्रे, भित्तिचित्रे किंवा शिल्पे होत. रुग्णाची भीती कमी करणे, जागा ओळखीची वाटावी असे वातावरण निर्माण करणे आणि त्या परिसरातील आदिवासी समाजाला ही संस्था आपलीही आहे असे वाटावे, हे अशा कामाचे मुख्य हेतू असतात. ऑस्ट्रेलियात मूळ निवासी समाजाच्या चित्रकारांना रुग्णालयांसाठी काम देण्याची पद्धत रुळलेली आहे. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, वारली शैलीतील चित्रे शाळा, अंगणवाड्या, रेल्वे स्थानके व आरोग्य केंद्रे यांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. मात्र चित्र कोणाचे, ते कोणी काढले, मोबदला व हक्क कोणाला मिळाले आणि ज्यांच्यासाठी ते काढले त्यांना विचारले होते का, हे प्रश्न या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत.

पार्श्वभूमी

रुग्णालयाच्या दृश्य वातावरणाचा रुग्णाच्या प्रकृतीवर परिणाम होतो, या विचाराला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासाचा आधार मिळाला. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना चित्रे उसनी देणारी 'पेंटिंग्ज इन हॉस्पिटल्स' ही संस्था १९५९ मध्ये सुरू झाली. अमेरिकन संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती अशा २३ रुग्णांची तुलना, ज्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती अशा २३ रुग्णांशी त्यांनी केली. झाडे दिसणाऱ्या रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम काहीसा कमी होता आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. हा अभ्यास चित्रांचा नव्हता आणि त्यातील रुग्णांची संख्याही थोडी होती. तरीही रुग्ण काय पाहतो याला महत्त्व आहे, ही जाणीव रुग्णालय-रचनेच्या क्षेत्रात त्यामुळे रुजली. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील ९०० हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेण्यात आला.

आदिवासी समाजांच्या बाबतीत या विचाराला आणखी एक पदर आहे. अनेक आदिवासी रुग्णांसाठी रुग्णालय हे केवळ अनोळखी ठिकाण नसते. तेथील भाषा, पोशाख, नियम आणि वागणूक ही परक्या सत्तेची वाटते. अशा वेळी भिंतीवरील चित्र हा सजावटीचा भाग राहत नाही. 'येथे तुमच्यासारखी माणसे येतात' असे सांगणारी ती खूण असते. उलट, चित्र चुकीचे असेल तर परकेपणा वाढतो.

ऑस्ट्रेलियातील अनुभव

ऑस्ट्रेलियात आदिवासी चित्रकलेच्या आधुनिक प्रवाहाची सुरुवात एका सार्वजनिक भिंतीपासून झाली. मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या या वसाहतीत १९७१ मध्ये तेथील ज्येष्ठ पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या पुराणकथेचे मोठे चित्र काढले. शाळेतील शिक्षक जेफ्री बार्डन यांनी त्यांना प्रोत्साहन दिले होते. त्यातून १९७२ मध्ये 'पापुन्या तुला' ही चित्रकारांच्या मालकीची कंपनी उभी राहिली. मूळ भित्तिचित्र मात्र १९७४ मध्ये भिंतीला रंग देताना पुसले गेले. सार्वजनिक इमारतीवरील चित्राच्या जतनाची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरलेले नसेल तर काय होते, याचे हे उदाहरण आहे.

ऑस्ट्रेलियातील आदिवासी रुग्ण उपचार पूर्ण होण्याआधी रुग्णालय सोडून जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आहे. ते कमी करण्याच्या प्रयत्नांत आदिवासी संपर्क कर्मचारी, दुभाषे, नातेवाइकांसाठी जागा यांच्या जोडीने स्थानिक समाजाच्या चित्रांचाही समावेश होतो. तेथे रूढ झालेल्या संकेतांनुसार ज्या भूमीवर रुग्णालय उभे आहे त्या भूमीच्या मूळ समाजाशी प्रथम बोलणे केले जाते, कोणती कथा सार्वजनिक ठिकाणी दाखवता येईल हे तो समाज ठरवतो आणि चित्रासोबत चित्रकाराचे व समाजाचे नाव लावले जाते. काही कथा केवळ दीक्षित व्यक्तींसाठी असतात. अशा कथा भिंतीवर आणणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर प्रमाद मानला जातो.

महाराष्ट्रातील आदिवासी चित्रपरंपरा

महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित आदिवासी चित्रशैली वारली समाजाची आहे. हा समाज प्रामुख्याने पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत राहतो. परंपरेने ही चित्रे विवाहप्रसंगी सुवासिनी काढत. शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने लग्नचौक रेखाटला जातो. चौकाच्या मध्यभागी पालघाट ही सर्जनाची देवता असते. विवाहविधी गाण्यांतून पार पाडणाऱ्या स्त्रीला धवलेरी म्हणतात. याचा अर्थ असा की, हे चित्र मुळात शोभेचे नसून विधीचा भाग आहे.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आणि शहरांत आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी विधीपलीकडचे दैनंदिन जीवन, तारपा नृत्य, शेती, मासेमारी इत्यादी विषय चित्रांत आणले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, गुजरातमधील छोटा उदेपूर आणि मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ या भागांत राठवा व भिल्ल समाजांमध्ये पिठोरा चित्रे काढण्याची प्रथा आहे. घरातील आजारपण, गुरांवरील संकट किंवा पीक बुडणे अशा प्रसंगी बडवा कारण सांगतो आणि बरे वाटल्यास पिठोरा लिहिण्याचा नवस केला जातो. आजार आणि भिंतीवरील चित्र यांचा थेट संबंध असलेली ही परंपरा आहे. म्हणूनच रुग्णालयासाठी पिठोरा करवून घेताना ते नवसाचे चित्र आहे की त्यातील घोडे व इतर आकृत्या घेऊन केलेली स्वतंत्र रचना आहे, हे चित्रकाराशी बोलूनच ठरवावे लागते.

शोधग्रामचे उदाहरण

आदिवासींना विचारून रुग्णालय उभारण्याचे महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' या संस्थेचे काम तेथे सुरू केले. गोंड समाजाचे लोक रुग्णालयात का येत नाहीत, याची विचारणा केली असता मिळालेली उत्तरे वैद्यकीय नव्हती. मोठ्या इमारतीत वाट सापडत नाही, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, डॉक्टर व परिचारिका पांढरे कपडे घालतात आणि पांढरे कापड तर मृतदेहाला गुंडाळतात, रुग्णालयात आपला देव नसतो, अशा स्वरूपाची ती कारणे होती.

त्यानुसार शोधग्राम येथील रुग्णालय गोंड वस्तीसारखे, झोपड्यांच्या रचनेत बांधले गेले. रुग्णासोबत नातेवाईक राहतील अशी सोय करण्यात आली आणि रुग्णालयाला माँ दंतेश्वरी या देवतेचे नाव देण्यात आले. येथे कोणा एका चित्रकाराला चित्राचे काम दिलेले नव्हते. तरीही या विषयात हे उदाहरण महत्त्वाचे ठरते, कारण येथे दृश्यरूपाचा निर्णय वापरणाऱ्यांच्या म्हणण्यातून झाला.

पांढऱ्या रंगाचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. गडचिरोलीतील गोंडांना रुग्णालयातील पांढरा रंग प्रेतवस्त्राची आठवण करून देत होता, तर वारल्यांच्या लग्नचौकात तांदळाचा पांढरा रंग मंगल मानला जातो. एकच रंग दोन आदिवासी समाजांमध्ये दोन अर्थ घेऊन येतो. 'आदिवासी कला' असा एकच ठोकळा करून चित्र निवडल्यास असा फरक नजरेआड होतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ८ टक्के आहे. ती सर्वत्र सारखी विखुरलेली नसून सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुक्यात एकवटलेली आहे. या तालुक्यातील जवळपास निम्मी लोकसंख्या आदिवासी असून महादेव कोळी आणि ठाकर हे तेथील प्रमुख समाज आहेत. तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. गंभीर आजारात येथील रुग्णांना डोंगराळ भागातून संगमनेर, नाशिक किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते.

या भागातील रुग्णालयांसाठी आदिवासी चित्रे करवून घ्यायची तर पहिला प्रश्न शैलीचा येतो. वारली चित्रे राज्यभर सहज उपलब्ध असल्याने आदिवासी म्हणजे वारली असे समीकरण रूढ झाले आहे. परंतु अकोले हा वारल्यांचा मुलूख नव्हे. येथील दृश्य परंपरा वेगळ्या आहेत. वाघबारशीला पुजला जाणारा वाघोबा आणि त्याच्या दगडी व लाकडी प्रतिमा, सह्याद्रीच्या या पट्ट्यातील बोहाडा उत्सवातील देवदेवतांचे मुखवटे, कांबड नाच, कळसूबाई व हरिश्चंद्रगडाचा परिसर, भात आणि नागलीची शेती, गावरान बियाणे ही या प्रदेशाची प्रतिमासृष्टी आहे. देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्रीने गौरवलेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या असून महादेव कोळी समाजातील आहेत. रतनवाडी वा कुमशेतच्या रुग्णाला ओळखीचे वाटेल असे चित्र बहुधा यांतून येईल, तारपा नृत्याच्या नेहमीच्या वर्तुळातून नव्हे.

येथे आणखी एक बाब उद्भवते. ज्या समाजाची कला मुखवटे, नाच, गाणी आणि मूर्ती यांतून व्यक्त होते, त्याच्याकडे चित्रशैलीचीच मागणी करणे योग्य ठरत नाही. लाकडी कोरीवकाम, मुखवट्यांच्या प्रतिकृती, दगडी शिल्पे, स्थानिक बियाण्यांची मांडणी किंवा परसबाग हीदेखील रुग्णालयासाठी करवून घेण्याची कामे होऊ शकतात. बोहाड्यातील सोंगे मात्र विधीशी निगडित असल्याने कोणता मुखवटा रुग्णालयात असावा व कोणता नसावा, हे गावानेच सांगायचे असते. उग्र मुखवट्याने आजारी मूल घाबरू शकते.

काम देण्याची प्रक्रिया

विचारविनिमय : रुग्णालयात येणारे आदिवासी रुग्ण, आशा कार्यकर्त्या, परिचारिका, गावातील जाणती माणसे आणि चित्रकार यांच्याशी विषयाबाबत आधी चर्चा केली जाते. भीती कोठे वाटते, वाट कोठे चुकते, नातेवाईक कोठे बसतात, या प्रश्नांच्या उत्तरांतून चित्रांच्या जागा ठरतात.

चित्रकाराची निवड : सार्वजनिक रुग्णालयांत सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची सवय असते. या पद्धतीत काम बहुधा रंगकामाच्या ठेकेदाराकडे जाते आणि तो आदिवासी शैलीची नक्कल करून घेतो. त्याऐवजी आधी नमुना मागवून, त्या टप्प्याचाही मोबदला देऊन निवड करणे अधिक न्याय्य मानले जाते. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत असून तिचे आदिवासी सांस्कृतिक संग्रहालय आहे. संस्थेमार्फत हस्तकला प्रदर्शने व वारली चित्रस्पर्धाही घेतल्या जातात. चित्रकारांपर्यंत पोहोचण्याचा तो एक मार्ग आहे.

निधी : शासकीय रुग्णालयांतील रुग्ण कल्याण समितीला रुग्णांच्या सोयीसुविधांसाठी निधी मिळतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत आरोग्यसेवा आणि कला व संस्कृतीचे संवर्धन हे दोन्ही विषय असल्याने कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतूनही असे काम होऊ शकते.

साहित्य व जागा : शेण, माती व तांदळाचे पीठ यांचा पृष्ठभाग वारंवार धुता येत नाही आणि त्यावर बुरशी धरू शकते. त्यामुळे शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग व जखमा बांधण्याच्या खोल्या येथे असे काम केले जात नाही. रुग्णांचा वावर असलेल्या इतर भागांत धुता येणारे ॲक्रिलिक रंग व त्यावर पारदर्शक लेप वापरतात. पारंपरिक साहित्याचे काम काचेमागे किंवा बाहेरच्या ओसरीवर करता येते. रंगाच्या वासाचा श्वसनाच्या रुग्णांना त्रास होत असल्याने कक्ष रिकामा असताना काम उरकावे लागते. चित्रफलकांचे साहित्य अग्निसुरक्षेच्या निकषांत बसणारे असावे लागते. खाटेवर वा स्ट्रेचरवर आडवे असलेल्या रुग्णाला भिंतीचा वरचा भाग व छतच दिसते, हेही जागा निवडताना ध्यानात घेतले जाते.

मार्गदर्शक खुणा : वाचता न येणाऱ्यांना पाट्यांचा उपयोग होत नाही. प्रत्येक विभागाला मोर, वाघ, भाताची लोंबी अशी एकेक आकृती देऊन तीच आकृती मार्गिकेत पुन्हा पुन्हा रेखाटल्यास वाट सापडणे सोपे जाते. 'मोराच्या खोलीत जा' ही सूचना कोणत्याही बोलीत देता येते.

कायदेशीर बाजू

काम करवून घेताना सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग हक्कांचा आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राच्या प्रताधिकाराचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, काम सांगणारा असतो. शासनासाठी केलेल्या कामाबाबतही करार नसल्यास मालकी शासनाकडे जाते. म्हणजेच चित्रकाराने लेखी करार केला नाही तर त्याचे चित्र दिनदर्शिका, माहितीपत्रक वा भेटवस्तूवर छापण्याचा हक्क रुग्णालयाकडे जातो आणि चित्रकाराला त्याचा मोबदला मागता येत नाही. मूळ चित्राच्या पुनर्विक्रीतील हिस्सा देणारे कलम ५३अ हेदेखील चित्रकार प्रताधिकाराचा पहिला मालक असेल तरच लागू होते. प्रताधिकार चित्रकाराकडेच राहील आणि रुग्णालयाला केवळ प्रदर्शनाची परवानगी असेल, असे एक वाक्य करारात असल्यास ही स्थिती बदलते.

कलम ५७ मधील नैतिक हक्क मात्र प्रताधिकार दुसऱ्याकडे गेल्यावरही कलावंताकडेच राहतात. आपण कृतीचे कर्ते आहोत असा दावा करणे आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा विकृतीकरणास हरकत घेणे हे ते हक्क होत. या संदर्भात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा खटला महत्त्वाचा मानला जातो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील त्यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले व त्याची हानी झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. रुग्णालयाच्या इमारतींची डागडुजी व विस्तार सतत सुरू असतो. त्यामुळे भिंत पाडायची वा रंगवायची झाल्यास चित्रकाराला किती आधी कळवायचे, हे करारात लिहिणे दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते.

शैलीला मात्र प्रताधिकार लागू होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आकृत्यांचा कोणी एक कर्ता नसतो. भौगोलिक मानांकन त्या नावाच्या गैरवापराला काही प्रमाणात आळा घालते, परंतु त्रिकोणी माणसांची नक्कल कोणी करूच नये अशी बंदी त्यातून येत नाही. त्यामुळे अस्सल चित्रकाराला काम देणे ही बऱ्याच अंशी काम देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहते.

कलावंतांची स्थिती

भोपाळच्या भारत भवनाने १९८० च्या दशकात आदिवासी चित्रकारांना सार्वजनिक वास्तूंचे दरवाजे उघडले. भिल्ल चित्रकार भूरीबाई तेथे बांधकामावर मजुरी करत असताना जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्रे काढण्यास सांगितले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांची चित्रे भोपाळच्या विधान भवनावरही आहेत. त्यांनी २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी काम करत असताना आत्महत्या केली. त्यानंतर आदिवासी कलावंतांशी होणारे करार, परदेशातील वास्तव्य आणि मोबदला यांविषयी देशात गंभीर चर्चा झाली. महाराष्ट्रात चंद्रपूर व बल्लारशाह ही रेल्वे स्थानके ताडोबाचे वन्यजीव आणि आदिवासी जीवन यांच्या चित्रांनी सजवण्यात आली. २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत त्यांना प्रथम क्रमांक मिळाला.

टीका व मर्यादा

चित्रांमुळे डॉक्टर, औषधे, रक्तपुरवठा वा रुग्णवाहिका यांची उणीव भरून निघत नाही. रंगवलेली भिंत आणि रिकामी खुर्ची यांचा मेळ रुग्णाला चटकन कळतो, म्हणून सेवेत सुधारणा न करता केलेल्या सजावटीवर टीका होते. दुसरा आक्षेप असा की, नाचणारा, हसरा, भूतकाळात राहणारा आदिवासी हीच प्रतिमा अशा चित्रांतून वारंवार उभी राहते. धरणांमुळे झालेले विस्थापन, हंगामी स्थलांतर, कुपोषण किंवा परिचारिका व डॉक्टर झालेल्या आदिवासी मुली त्यांत क्वचितच दिसतात. विषयाचे स्वातंत्र्य चित्रकाराला दिल्यास ही चौकट मोडू शकते. तिसरा आक्षेप चित्रांच्या अनामिकतेचा आहे. रुग्णालयाच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव कोरलेले असते, चित्राखाली चित्रकाराचे नाव नसते. चित्रकाराचे नाव, गाव व समाज आणि चित्राचा थोडक्यात अर्थ सांगणारी पाटी लावण्यास फारसा खर्च येत नाही, आणि प्रतीक्षागृहात तासन्‌तास बसणाऱ्या नातेवाइकांना ती वाचता येते.